एक्सप्लेनर : फाउल थ्रो, अंगठी, 8 सेकंद... हौशी फुटबॉलमध्ये पंचांनी किती कडक असावं?

सामना 1-1 बरोबरीत. शेवटची पाच मिनिटं. थ्रो-इन घेताना डिफेंडरचा मागचा पाय जरासा उचलला गेला. पंचांची शिट्टी वाजली, थ्रो समोरच्या संघाला मिळाला. त्यातून कॉर्नर आणि कॉर्नरवर गोल. ‘एवढ्याशा पायासाठी?’ म्हणत अर्धा संघ पंचांभोवती गोळा झाला. जिंकणारे म्हणतात, नियम म्हणजे नियम.

असा प्रसंग कॉलेजच्या मैदानापासून जिल्हा लीगपर्यंत कुठेही घडू शकतो. हौशी सामन्यात पंचांच्या मदतीला व्हीएआर नसतो. अनेकदा लाइन्समनही एखाद्या क्लबचाच माणूस असतो. अशा वेळी बारीकसारीक नियमांवर किती बोट ठेवायचं?

थोडक्यात उत्तर असं : सगळे नियम एकाच काट्याने तोलू नयेत. नियम मोडल्याने कुणाला इजा होऊ शकते का, कुणाला फायदा मिळतो का, की दोन्ही नाही, हे आधी पाहावं. आणि सूट द्यायचीच असेल, तर ती सामन्याआधी सांगून आणि दोन्ही संघांना सारखी द्यावी.

नियमपुस्तक काय सांगतं?

फुटबॉलचे 17 नियम ‘इफॅब’ ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. पंचांनी निर्णय नियमांनुसार तसेच खेळाची मूळ भावना जपून द्यावेत, असं पाचवा नियमच सांगतो. प्रत्येक प्रसंग पुस्तकात लिहिता येत नाही, हे इफॅबलाही मान्य आहे.

लहान मुलं, ज्येष्ठ, दिव्यांग आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी मैदानाचा आकार, सामन्याची वेळ, बदली खेळाडूने पुन्हा मैदानात येणं अशा काही गोष्टी बदलण्याची मुभा राष्ट्रीय संघटनांना आहे. खेळाडूंच्या सुरक्षेचे नियम मात्र या मुभेत येत नाहीत.

सूट कुठे अजिबात नको?

अंगठी, कडं, चेन, बाळी, रबर बँड. चौथ्या नियमानुसार हे काहीही घालून खेळता येत नाही. वरून टेप गुंडाळली तरी चालत नाही. शिनगार्ड सक्तीचे आहेत आणि ते मोज्यांनी झाकलेले हवेत.

वाद सर्वात जास्त इथेच होतो. ‘कडं निघत नाही’, ‘आईने घातलंय’, ‘मागच्या रविवारी चाललं होतं’. पण अंगठी जाळीत किंवा कुणाच्या जर्सीत अडकली तर बोट जायबंदी होऊ शकतं. कड्याचा फटका समोरच्याच्या डोळ्याला बसू शकतो. हौशी खेळाडूला सोमवारी कामावर जायचं असतं. हाताला प्लास्टर लागलं तर रोजगार बुडतो आणि मैदानाबाहेर अॅम्ब्युलन्स उभी असेलच असं नाही. त्यामुळे ‘काढ, नाहीतर बाहेर थांब’ हे वाक्य कठोर वाटलं, तरी ते खेळाडूच्या भल्याचं आहे. ते किक-ऑफच्या आधी म्हटलं, तर त्यावरून भांडणही होत नाही.

आधी समज, मग शिट्टी कुठे?

जिथे नियम मोडून फायदा मिळतो तिथे. थ्रो-इन दहा मीटर पुढून घेणं, फ्री किकच्या वेळी 9.15 मीटर मागे न जाणं, आघाडीवर असताना गोलकीपरने बॉल कवटाळून बसणं.

या शेवटच्या प्रकाराची गोष्ट बोलकी आहे. गोलकीपरने बॉल सहा सेकंदांत सोडावा, असा नियम दोन दशकांहून अधिक काळ होता. तो मोडल्यास गोलच्या तोंडाशी इनडायरेक्ट फ्री किक मिळे. शिक्षा इतकी जड होती की बहुतेक पंच ती देतच नसत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या उपांत्य सामन्यात ती दिली गेली. कॅनडा अमेरिकेविरुद्ध 3-2 ने पुढे होता. फ्री किकवरचा फटका कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली आणि 3-3 बरोबरी झाली. जादा वेळेत अमेरिका 4-3 ने जिंकली. सेकंद मोजले तर निर्णय नियमाला धरून होता. पण एरवी न लागणारा नियम नेमका त्या दिवशी लागला, ही सल राहिली.

1 जुलै 2025 पासून इफॅबने नियम बदलला. आता गोलकीपरला आठ सेकंद मिळतात. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात. तरीही बॉल सोडला नाही तर समोरच्या संघाला कॉर्नर. म्हणजे वेळ थोडा वाढला, शिक्षा हलकी झाली आणि इशारा नियमातच आला. हौशी पंचांनी इतर छोट्या नियमांसाठीही हीच पद्धत वापरायला हरकत नाही : आधी सगळ्यांना दिसेल असा इशारा, मग न कचरता शिट्टी.

कुठे खेळ चालू द्यावा?

मोज्यावरच्या टेपचा रंग मोज्यासारखाच हवा, आत घातलेल्या टाइट्सचा रंग शॉर्टशी जुळायला हवा, हेही नियमच आहेत. पण उसने मोजे घालून आलेल्या पोराला त्यासाठी बाहेर बसवून कुणाचं भलं होत नाही. तसंच मैदानाच्या मध्यावर थ्रो घेताना पाय किंचित उचलला आणि बॉल आपल्याच डिफेंडरकडे मागे गेला, तर प्रतिस्पर्ध्याचं काहीच बिघडत नाही. दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजली, की खेळाडूंची डोकी तापतात आणि खऱ्या फाउलच्या वेळी पंचांचं कुणी ऐकत नाही.

नियम निवडण्याचा अधिकार पंचांना कुणी दिला?

हा आक्षेप रास्त आहे. आज एका पंचाने सोडलं आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याने धरलं, तर खेळाडूने काय समजायचं? कोल्हापुरात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. राजर्षी शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे संघ भिडतात, तेव्हा गॅलरीत अख्खी पेठ बसलेली असते. एका संघाला दिलेली सूट दुसऱ्याला पक्षपातच वाटते.

यावर उपाय कोल्हापूरजवळच्याच शिरोली एमआयडीसीत रोज वापरला जातो. तिथे मशीनवर बनलेला पार्ट तपासताना थोडा फरक चालतो. त्याला टॉलरन्स म्हणतात. पण तो किती, हे ड्रॉइंगवर आधीच लिहिलेलं असतं. तपासणाऱ्याच्या मनावर ते सोडलेलं नसतं.

हौशी लीगनेही एवढंच करावं. हंगामाआधी सगळ्या पंचांनी बसून कशाला सूट नाही, कुठे एकदा समज आणि कुठे खेळ चालू, हे एका पानावर लिहावं. ते पान प्रत्येक क्लबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जावं. टॉसच्या वेळी पंचांनी दोन्ही कॅप्टनना तेच दोन मिनिटांत पुन्हा सांगावं.

मग सुरुवातीच्या थ्रो-इनचं काय? त्या पंचांनी तासभर तसे थ्रो सोडले असतील आणि शेवटी अचानक पकडला असेल, तर शिट्टी नियमात बसूनही अन्याय्य होती. पहिल्या मिनिटापासून दोघांनाही सारखीच वाजत असेल, तर हरलेल्या संघाने मुकाट्याने थ्रो नीट घ्यायला शिकावं.