सुरात सूर मिसळण्याची परीक्षा

उन्हाळ्याची सुट्टी संपून फरीदाबादच्या शाळा जुलैत उघडतात, तेव्हा 15 ऑगस्ट जेमतेम सहा आठवड्यांवर आलेला असतो. एके दिवशी प्रार्थनेनंतर सूचना होते, ‘समूहगानात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी मधल्या सुट्टीत संगीताच्या वर्गात यावे.’ आठवी ते दहावीची मुलेमुली दाराशी गर्दी करतात. त्यांतून घ्यायची असतात मोजकीच. त्या दिवशी शाळेतून परतणाऱ्या मुलाचा चेहरा पाहूनच आईला निकाल कळतो.

फरीदाबाद ही कारखान्यांची नगरी. फाळणीनंतर 1949 साली निर्वासितांसाठी इथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि पुढे देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे नोकरीसाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरातील एखादी मुलगी गणेशोत्सवाच्या गायन स्पर्धेत पहिले बक्षीस घेऊन आलेली असते आणि तीच शाळेच्या समूहगानात मात्र नाकारली जाते. मग घरात दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक, ‘जाऊ दे, तुझ्या गळ्यात गाणेच नाही.’ दुसरे, ‘मॅडमनी आपल्या लाडक्यांनाच घेतले असेल.’ पहिले वाक्य मुलीला गाण्यापासून तोडते, दुसरे शिक्षिकेपासून. आणि बहुतेक वेळा दोन्ही खोटी असतात.

कारण समूहगानाची निवड म्हणजे एकट्याच्या गाण्याची स्पर्धा नव्हे. तिथे हरकती, मुरक्या, तान यांचे गुण मिळत नाहीत. शिक्षिका हार्मोनियमवर ‘सा’ धरतात आणि मुलीला तो लावायला सांगतात. मग एखादा सोपा अलंकार वाजवून तो जसाच्या तसा म्हणायला लावतात, दादरा किंवा केरव्याची टाळी धरायला सांगतात. शेवटी दोघीतिघींना एकत्र गायला लावतात. खरी परीक्षा इथेच असते. शेजारणीचा आवाज ऐकून जी आपला आवाज थोडा कमी करते, तिच्याबरोबर श्वास घेते, ओळ तिच्याबरोबरच सोडते, ती निवडली जाते. जिचा आवाज सगळ्यांच्या वर तरंगतो ती राहून जाते, मग तो आवाज कितीही गोड असो. मोबाइलवर कराओके लावून तालीम करणाऱ्या मुलांची इथेच पंचाईत होते. तो मागचा वाद्यमेळ कुणाचे ऐकत नाही आणि कुणाला ऐकायला शिकवतही नाही.

मुलांची, म्हणजे मुलग्यांची गोष्ट आणखी अवघड. साधारण बाराव्या ते पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे एका रात्रीत होत नाही, कित्येक महिने चालते. सातवीत जो मुलगा काळी चारमध्ये खणखणीत गात होता, तोच नववीत त्या पट्टीत तार सप्तकाच्या ‘सा’ला पोचताना चिरकतो आणि वर्ग हसतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण दोनतीन सुरांपुरताच, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. संगीत नाटकांच्या काळात स्त्री भूमिका करणाऱ्या पोरांना आवाज फुटण्याची केवढी धास्ती असे! त्यांच्यासाठी तो पोटाचा प्रश्न होता. आजच्या मुलासाठी तो अब्रूचा असतो आणि चौदाव्या वर्षी अब्रू पोटापेक्षा लहान नसते.

यात शाळांचेही चुकते. सोयीसाठी सगळ्यांची परीक्षा एकाच पट्टीत घेतली जाते. मुली पांढरी पाच किंवा काळी चारमध्ये मोकळ्या गातात, आवाज फुटलेल्या मुलांना काळी एक किंवा पांढरी दोन सोपी जाते. मधली एखादी पट्टी धरली, की मुलींना खर्ज लागत नाही आणि मुलांना वरचे सूर लागत नाहीत. मग दोघेही बेसूर ठरतात. मुलाने ‘मॅडम, एकदा काळी एकमध्ये गाऊन दाखवू का?’ असे नम्रपणे विचारले, तर क्वचितच कुणी नाही म्हणेल. पण त्यासाठी आपली पट्टी कोणती हे त्याला माहीत हवे. घरी पेटी असेल तर हे दहा मिनिटांचे काम आहे. नसेल तर ओळखीच्या भजनी मंडळातील पेटीवाल्याकडे जावे.

मराठी मुलांपुढे आणखी एक अडचण असते, ती उच्चारांची. शब्द तोच, पण ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ म्हणतो आणि उत्तरेत ‘ग्यान’ म्हणतात. आपली ‘कृपा’ ‘क्रुपा’ होते, त्यांची ‘क्रिपा’. एकट्याने गाताना हे खपून जाते. पण आठ जणांत एकाने ‘द्न्यान’ म्हटले तर ते खड्यासारखे टोचते. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा 1967 साली दिल्लीत सुरू झाली. तिच्यात हिंदी, संस्कृत आणि लोकगीते अशी तिन्ही प्रकारची गाणी बसवली जातात, तेव्हा शिक्षक उच्चारांबाबत काटेकोर असतात, ते काही वैराने नव्हे. गंमत अशी, की हरियाणवी लोकगीत आले की पारडे फिरते. हरियाणवी बोलीत ‘ळ’ आहे. तो हिंदी घरांतल्या मुलांना घोटून घ्यावा लागतो आणि मराठी मुलाच्या जिभेवर मात्र तो आयता असतो.

शिवाय, ज्या गाण्यांवर उत्तरेतील शाळांची सकाळ उजाडते, त्यांतली कितीतरी मराठी माणसाच्या पेटीतून निघालेली आहेत. ‘दो आँखें बारह हाथ’ (1957) आणि ‘गुड्डी’ (1971) या चित्रपटांतील प्रार्थना वसंत देसाईंच्या. सिंधुदुर्गातल्या या संगीतकाराने चाली अशा बांधल्या, की न शिकलेल्या गळ्यालाही त्या पेलतात. मोठ्या उड्या नाहीत, श्वासाला जागा भरपूर. 1974 साली दिल्लीत राहणाऱ्या विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा छोटा ॲनिमेशनपट केला, त्याचे संगीतही देसाईंचेच. त्यातील समूहगीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांनी लिहिले होते. हे मौद्गल्य पुण्याच्या विनायकराव पटवर्धनांचे शिष्य आणि दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे (स्थापना 1939) संस्थापक. निवडीच्या वेळी मुलाने अवघड चित्रपटगीत गाण्याऐवजी अशी एखादी साधी चाल स्वच्छ म्हटली, तर त्याचा कान कसा आहे हे शिक्षकाला लगेच कळते.

फरीदाबादमध्ये काही पालक या वेळी सोनू निगमचे नाव काढतात. तो याच शहरात 1973 साली जन्मला आणि चौथ्या वर्षापासून वडिलांबरोबर रंगमंचावर गाऊ लागला. उदाहरण मोठे आहे, पण इथे गैरलागू. तो एकट्याने गाण्याचा रस्ता होता. त्याची तुलना शाळेच्या दुसऱ्या रांगेत उभे राहू पाहणाऱ्या मुलाशी करून त्याचे ओझे कशाला वाढवायचे?

निवड झाली नाही, तर त्या संध्याकाळी घरात गाण्याचा विषय न काढणेच बरे. आठवड्याभराने मुलाने शिक्षिकेला एवढेच विचारावे, की सूर कमी पडला, ताल, की आवाज मिसळला नाही? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सुरासाठी रोज सकाळी तानपुऱ्याच्या आवाजावर पंधरा मिनिटे नुसता ‘सा’ पुरे. तालासाठी ढोलक किंवा मंजिरी हाती घ्यावी, साथीदारांची उणीव शाळांना नेहमीच असते. मिसळण्यासाठी मात्र माणसे लागतात, तेव्हा घरच्या आरतीत सगळ्यांच्या खाली आवाज ठेवून गाण्याची सवय करावी. आवाज फुटत असलेल्या मुलाने ओरडून वरचे सूर गाठू नयेत, खालच्या सुरांत हलके गात राहावे. 26 जानेवारीच्या गाण्याची तयारी हिवाळ्याच्या सुट्टीआधीच सुरू होते. तोवर एखाद्याचा आवाज काळी एकवर स्थिरावलेला असतो, आणि खालच्या सुरात ठाम उभी राहणारी मुले बऱ्याच शाळांना शोधावी लागतात.