दोन रुपयांचा हिशेब

सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या बहुतेक घरांत टीव्हीवरील मालिकांचा प्रहर सुरू होतो. या मालिकांतही व्यापारी कुटुंबे असतात. परंतु ती प्रशस्त बंगल्यांत राहतात आणि कोट्यवधींच्या कंपन्यांच्या मालकीसाठी परस्परांविरुद्ध कारस्थाने रचतात. त्यांच्या घरात गल्ला नसतो, उधारीची वही नसते, सुट्ट्या पैशांवरून गिऱ्हाइकाशी होणारी कुरबुरही नसते. व्यापार आहे, पण दुकान नाही, अशी ही विचित्र सृष्टी आहे.

या पार्श्वभूमीवर, ज्याची ठिणगी दुकानाच्या काउंटरवरच पडते असा एक मराठी चित्रपट पुन्हा पाहण्याजोगा आहे. तो म्हणजे २००५ साली प्रदर्शित झालेला ‘डोंबिवली फास्ट’. निशिकांत कामत यांचे हे दिग्दर्शक म्हणून पहिले पाऊल. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला आणि पुढे २००७ मध्ये कामत यांनीच तो माधवन यांना घेऊन तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ या नावाने केला. जोएल शूमाकर यांच्या १९९३ च्या ‘फॉलिंग डाउन’शी त्याची तुलना नेहमी होते. कल्पनेचे बीज तिकडचे असेलही; पण घड्याळाच्या काट्यावर धावणारी लोकल, लहानसा फ्लॅट आणि नायकाचा कोंडमारा हे सारे अस्सल डोंबिवलीचे आहे.

नायक माधव आपटे हा बँकेतील साधा कर्मचारी. संदीप कुलकर्णी यांनी तो फार संयमाने उभा केला आहे. नियम पाळणे हा त्याचा स्वभाव आहे आणि त्या स्वभावाला घरीदारी कोणी किंमत देत नाही. पत्नी अलकासुद्धा त्याला चार लोकांसारखे वागायला सांगते. एके दिवशी एक दुकानदार थंड पेयाच्या बाटलीवर, ती थंड केल्याबद्दल म्हणून, छापील किमतीहून दोन रुपये अधिक मागतो. तेथे माधवचा बांध फुटतो. हातात क्रिकेटची बॅट येते आणि दुकानाची मोडतोड होते.

दोन रुपयांसाठी एवढे रण कशाला, असे अनेक प्रेक्षकांना वाटते. मात्र आयुष्यभर खतावणी जुळवत बसलेल्या माणसाला तसे वाटणार नाही. बँकेच्या ताळ्यात दोन रुपयांचा फरक आणि दोन हजारांचा फरक यांत प्रतीचा भेद नसतो. हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. दिग्दर्शकाने नायकाला बँकेत नोकरी दिली, यातील औचित्य येथे ध्यानात येते.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. फ्रिजचे वीजबिल त्यालाच भरावे लागते, शीतपेयातील नफा तुटपुंजा असतो आणि शेजारचाही तेच दोन रुपये घेत असतो. चित्रपट त्याला ही बाजू मांडण्याची संधी देत नाही; हे त्याचे उणेपण आहे. तरीही दुकानदाराचा युक्तिवाद टिकत नाही. वेष्टित वस्तूवरील कमाल किरकोळ किमतीहून अधिक रक्कम घेण्यास वैधमापनशास्त्राचे नियम मनाई करतात. आणि कायद्याच्याही पूर्वीपासून, तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीअधिक मापाबरोबर ‘विरुद्धराज्यातिक्रम’ही गणला आहे: राज्याचा नियम ओलांडून केलेली कमाई. चोरी केवळ तिजोरी फोडून होत नाही, ती ‘थंड करण्याचे’ म्हणूनही होते.

तथापि, बॅटीचे काय? फुटणाऱ्या काचांवर चित्रपटगृहात टाळ्या पडतात, हे खरे चिंतेचे कारण आहे. त्या काचा संध्याकाळी बहुधा दुकानातला पोऱ्याच झाडणार आहे, ज्याने ना भाव ठरवला ना नफा खाल्ला. दोन रुपयांचा अन्याय निवारण्यासाठी दुसऱ्याची पुंजी उद्ध्वस्त करणे हा न्याय नव्हे. ती बेरीज चुकलेलीच आहे. चित्रपटाच्या प्रामाणिकपणाची खूण अशी की, माधवला तो विजयी वीर म्हणून मिरवत नाही. ज्या लोकलने तो रोज प्रवास करतो, त्या लोकलमध्येच पोलिसांच्या गोळीने त्याचा अंत होतो. त्याचा संताप खरा आणि त्याचा मार्ग खोटा, या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाने एकाच वेळी मनात धरायच्या आहेत.

आज छापील किमतीहून अधिक आकारणी झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण व्यापारी कुटुंबांसाठी त्याहून सोपा उपाय घरातच आहे. हा चित्रपट दुकानात बसू लागलेल्या मुलामुलींसोबत पाहावा, आणि तो संपल्यावर माधव बरोबर की चूक या वादाआधी एवढेच विचारावे की आपल्या दुकानात थंड बाटली कितीला मिळते. वहीपूजनाच्या दिवशी आपण ‘शुभ’ आधी लिहितो आणि ‘लाभ’ नंतर. तो क्रम वर्षभर काउंटरवर पाळला गेला, तर त्या दुकानावर बॅट उगारायला कोणालाच कारण उरणार नाही.