सिंगापूरला जाताना कुकर घरीच ठेवा

मैत्रिणींनो, एखाद्या घरी सिंगापूरच्या सहलीची तयारी सुरू झाली की ती सामानावरूनच कळते. चौघांचे कपडे एका बॅगेत मावतात आणि दुसरी अख्खी बॅग खाण्याची! दशम्या, चिवडा, लाडू, मेतकूट, लोणच्याची बरणी, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेला विजेवरचा छोटा कुकर. मग तिकडे काय होतं? मंडळी आंघोळी करून, कॅमेरे गळ्यात अडकवून तयार, आणि आपण हॉटेलच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून खिचडीत पाणी किती घालायचं ते बघत असतो. सहल नेमकी कुणाची झाली? शिवाय बऱ्याच हॉटेलांत खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत. धुराची घंटा वाजली तर शोभा व्हायची ती वेगळीच.

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांची तऱ्हा दुसरी. रोज पनीर, दाल आणि जिरा राइस. पोट भरतं, नाही असं नाही. पण ते तर आपल्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातही मिळतं. म्हणून म्हणते, पाच दिवसांतली निदान दोन जेवणं तिथल्या हॉकर सेंटरमध्ये घ्या. शाकाहारी असाल तरी घ्या. चार गोष्टी ठाऊक असल्या की उपाशीही राहावं लागत नाही आणि नको ते पोटातही जात नाही.

हॉकर सेंटर म्हणजे छपराखालची खाऊगल्लीच म्हणा ना. पूर्वी तिथे फेरीवाले रस्त्यावर बसत. सरकारने १९७० आणि ८० च्या दशकांत पाणी, गटारे, वीज यांची सोय असलेले मंडप बांधून त्यांना तिथे हलवलं. आज अशी शंभरावर ठिकाणं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीतही घेतलं. एका माणसाचं पोट साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलरमध्ये भरतं. मोठ्या रेस्टॉरंटात मात्र किमतीपुढे दोन अधिकचिन्हं दिसली तर सावध व्हा. त्याचा अर्थ दहा टक्के सेवाशुल्क आणि वर नऊ टक्के कर. छापील आकडा बघून मागवलं की बिल येईपर्यंत हिशेब चुकलेला असतो. हॉकरकडे ही भानगड नाही.

आधी जागा धरायची. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी अडवलेली आहे असं समजा. आपल्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच! मग गाळ्यावर जाऊन मागवायचं, पैसे द्यायचे आणि ट्रे आपणच आणायचा. खाऊन झाल्यावर ट्रे परत नेऊन ठेवायचाही आपणच. २०२१ पासून तसा नियम आहे, मोडला तर दंड होऊ शकतो. हलाल भांड्यांची फळी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तेवढं पाहून ठेवा.

आता शाकाहारी भगिनींसाठी. 'व्हेजिटेरियन' एवढा एकच शब्द उच्चारून भागत नाही. समोरच्याच्या लेखी गोमांस-डुकराचं मांस नसलं म्हणजे शाकाहारी, असंही होतं. म्हणून मांस नको, मासा नको, कोळंबी नको, अंडं नको, असं एकेक सांगा. फसवणारी खरी चीज म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, बलाचान. तो मिरचीच्या चटणीत असतो, पालेभाजीतही असतो. रोजाक नावाचा पदार्थ घ्या. काकडी, अननस, वर दाण्याचा कूट. दिसायला थेट आपलं फ्रूट चाट! पण वरच्या काळ्या रसात कोळंबीच असते. आणि 'कॅरट केक' म्हणून जो मिळतो त्यात गाजरही नसतं आणि केकही नसतो. तांदळाची पिठी आणि पांढरा मुळा यांच्या वड्या अंड्यात परतून देतात. पावावर लावतात त्या हिरवट काया जॅममध्येही नारळाबरोबर अंडं असतं.

यावर सोपा तोडगा म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण देणारे चिनी गाळे. बऱ्याच सेंटरांत असा एखादा सापडतो. अनेक ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य. तांदळाच्या बारीक शेवयांवर हव्या त्या भाज्या बोटाने दाखवून घ्यायच्या. तिथे बदकासारखे किंवा हॅमसारखे दिसणारे तुकडे पाहून सासूबाई दचकतील. त्यांना सांगा, ते गव्हाचं नाही तर सोयाबीनचं आहे. अंड्याचं मात्र इथेही विचारून घ्या.

आणि गोड! यासाठीच तर मी एवढा आग्रह करते आहे. चेंडोल खाऊन बघा. नारळाचं दूध, ताडगूळ, त्यात हिरव्या मऊ शेवया आणि वर बर्फाचा चुरा. कोकणातल्या भगिनींना पहिल्याच चमच्याला शिरवाळ्यांची आठवण होईल, फक्त आपण बर्फ घालत नाही एवढंच. 'ओंदे-ओंदे' म्हणजे चिकट तांदळाच्या पिठीची उकडलेली गोळी. आत गूळ आणि बाहेर ओलं खोबरं. आपला मोदकच, सारण आणि खोबऱ्याने जागा बदललेली! तुतु कुए तर वाफवलेल्या पिठीचाच. आत खोबरं किंवा दाणे. पिठी अशी मऊ कशी राहिली हे आपण बघायचं आणि घरी येऊन करून पाहायचं.

मासे खाणाऱ्यांनी फिश हेड करी चुकवू नये. माशाच्या डोक्याची ही आमटी १९४९ च्या सुमारास केरळच्या एका खानावळवाल्याने तिथे सुरू केली. चिनी गिऱ्हाइकांना डोकं आवडतं, हे त्याने ताडलं होतं. मालवणी माणसाला ते शिकवायला नको! परतलेल्या जाड नूडल्स घेताना मात्र विचारा, कारण त्यात डुकराची चरबी घालतात.

मुलं 'मॅकडोनल्ड्स'चा हट्ट धरतील. पाटी तीच असली तरी मुदपाकखाना तोच नसतो, बरं का. आपल्याकडे ते गोमांस आणि डुकराचं मांस ठेवत नाहीत, शाकाहारी स्वयंपाक वेगळा करतात. सिंगापुरात त्यांचं खाणं हलाल आहे, म्हणजे डुकराचं मांस नाही, पण गोमांस असतं. अमेरिकेत तर बटाट्याच्या साध्या काड्यांनाही गोमांसाचा स्वाद लावलेला असे. त्यावरून २००१ मध्ये शाकाहारी मंडळींनी दावा लावला आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हा विचारायला लाजू नका.

चहाचं मात्र नीट लक्षात ठेवा. नुसतं 'तेह' म्हटलं तर कंडेन्स्ड मिल्कचा गोड मिट्ट चहा येतो. 'तेह-ओ' म्हणजे बिनदुधाचा, 'तेह हालिया' म्हणजे आल्याचा. घरात कुणाला मधुमेह असेल तर 'तेह-सी कोसोंग' म्हणा. कोसोंग म्हणजे बिनसाखरेचा. तो सेंटरमध्येच बसून प्या. मेट्रोत खाल्लं-प्यायलं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड होतो. पाणी विकत घ्यायची गरज नाही, नळाचं पिण्याजोगं असतं.

चिवड्याचा एक डबा आणि थोडं मेतकूट न्या. रात्री उशिरा मुलांना भूक लागली तर कामी येतं. अनारसे मात्र नेऊ नका. सिंगापुरात खसखस आणायला बंदी आहे, म्हणून खसखस घातलेले लाडू आणि मसाल्याची पुडीही बॅगेतून काढून ठेवा.