नक्कल, निर्मिती आणि असत्य

बनावट चित्रे रंगवणारा हाही एक प्रतिभावंतच, असे मत कलाचर्चेत अधूनमधून डोके वर काढते. तज्ज्ञांनाही ओळखता येऊ नये असे चित्र जो रंगवतो, त्याच्या कर्तृत्वास सर्जन का म्हणू नये, असा हा सवाल आहे.

या मताच्या पुष्ट्यर्थ हान व्हान मेगरेन या डच चित्रकाराचा दाखला हमखास दिला जातो. सतराव्या शतकातील जुना कॅनव्हास मिळवायचा, त्यावरील चित्र खरवडायचे, रंगात फेनॉल-फॉर्मल्डिहाइड मिसळायचे, चित्र भट्टीत तापवून टणक करायचे, गुंडाळून त्याला भेगा पाडायच्या आणि त्या भेगांत शाई भरायची, ही त्याची रीत. १९३७ साली आब्राहम ब्रेडियस या ज्येष्ठ तज्ज्ञाने त्याचे ‘एमाउस येथील भोजन’ हे चित्र थोर चित्रकार योहान्स व्हर्मीर याचे म्हणून गौरविले. पुढे रॉटरडॅमच्या संग्रहालयाने ते मोठ्या किमतीस घेतले. दुसरा असाच ‘व्हर्मीर’ नाझी नेता गोअरिंग याच्याकडे सापडला, तेव्हा १९४५ मध्ये शत्रूला राष्ट्रीय ठेवा विकल्याच्या आरोपावरून मेगरेनला अटक झाली. त्यातून सुटण्यासाठी त्याने खरे सांगितले आणि पहाऱ्यात नवे बनावट चित्र रंगवून ते सिद्धही केले. १९४७ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वीच तो वारला.

कौशल्य अफाट होते, यात शंका नाही. पण व्हर्मीरची आणखी धार्मिक चित्रे असली पाहिजेत, असा तज्ज्ञांचा कयास होता आणि मेगरेनने नेमका तोच कयास रंगवून त्यांच्या हाती दिला. खरा कलावंत पाहणाऱ्याची अपेक्षा ओलांडून पुढे जातो. नकली चित्रकार तिची खुशामत करतो. आज त्या चित्रांतील जड पापण्यांचे चेहरे सरळसरळ १९३० च्या दशकातले दिसतात. व्हर्मीरने प्रकाशाचे जे कोडे स्वतः सोडवले, त्याचे उत्तर मेगरेनला आयते मिळाले होते.

मग नक्कल करणेच गैर काय? मुळीच नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. मूळ चित्रांपुढे नम्र होऊन केलेले ते काम होते. त्यांनी आपल्या प्रतिकृती अजिंठ्याची मूळ चित्रे म्हणून खपवल्या नाहीत. आपल्या प्राचीन शिल्पींनी बहुधा स्वतःचे नाव कोरले नाही. पण परक्याचे नाव लावून मोठेपणही मिळवले नाही.

हा प्रश्न केवळ धनिकांच्या फसवणुकीचा नाही. २०११ साली कोलकात्याच्या शासकीय कला महाविद्यालयात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या नावाने मांडलेली २० चित्रे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या समितीने बनावट ठरवली. ती तशीच खरी मानली गेली असती, तर उद्याचा विद्यार्थी रवींद्रनाथांनी कधी न काढलेल्या रेषांवरून त्यांच्या प्रतिभेचा अर्थ लावत बसला असता. दिवंगत कलावंत प्रतिवाद करू शकत नाही. त्याच्या वतीने समाजानेच दक्ष राहावे लागते.

हातातील कसबाला दाद अवश्य द्यावी. मात्र ती ज्याच्या त्याच्या नावाने. कलेत कल्पनेला मुभा आहे, असत्याला नाही.