थंड हवेच्या ठिकाणची गरम कार्डं

"लोणावळ्याला नेऊन ठेव की, तिकडं थंड असतं!"

एकाच डेस्कटॉपमध्ये दोन-तीन ग्राफिक्स कार्डं बसवलेल्या माणसाला हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. ज्यांचा तुंगार्लीत किंवा वळवणला बंगला आहे ते देतात, आणि ज्यांचा नाही ते तर जास्तच जोरात देतात. जणू काही खंडाळ्याचा बोगदा ओलांडला की उष्णतेचे नियम बदलतात. ह्या सल्ल्याचा मला मनापासून कंटाळा आलाय, म्हणून ह्या शनिवारी एकदाच काय ते लिहून टाकतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना पुढचं न वाचताच सुरुवात करता येईल :-) मशीन तापतं ते गावामुळं नाही, मांडणीमुळं. आणि ही चुकीची मांडणी आपल्याला राजरोस विकली जातेय, कारण ती काचेतून छान दिसते.

कामशेतचा माझा एक मित्र आहे. मावळातल्या बोलीचं भाषण ऐकून ते लिहून काढणारं मॉडेल तो घरच्या घरी शिकवतोय. त्यासाठी त्यानं सेकंडहँड ३०९० अशी दोन कार्डं घेतली, तीही हप्त्यांवर. दुकानदारानं समोरून काच असलेल्या कॅबिनेटमध्ये दोन्ही एकावर एक बसवून दिली, वर सात रंगांचे दिवे फुकट. पठ्ठ्यानं ते धूड उचलून लोणावळ्याला मामांच्या बंगल्यात नेलं. जुलै महिना, बाहेर २४ अंश, खिडकीतून ढग आत येतायत... आणि वरचं कार्ड ८३ वर जाऊन वेग कमी करून बसलेलं! खालचं मात्र ६६ वर निवांत.

मी दोन कार्डांच्या मधल्या फटीत साध्या थर्मामीटरचा प्रोब सोडला. ४७ अंश. म्हणजे खालचं कार्ड लोणावळ्यात होतं, आणि त्याच्या वर बोटभर अंतरावरचं कार्ड मे महिन्यातल्या जळगावात. खालच्यानं ओकलेली गरम हवा वरचं पुन्हा श्वासात घेत होतं. बरं, दोन्ही कार्डं मिळून एकच मॉडेल शिकवत असली की प्रत्येक पायरीला वेगवान कार्ड हळू कार्डासाठी थांबतं. म्हणजे वरचं मंदावलं की खालचंही मंदावलं. दोन कार्डांचे हप्ते भरायचे आणि दोन्ही कार्डं अर्धवट वापरायची, असा हा व्यवहार.

तुम्ही म्हणाल, पण बाहेरची हवा दहा अंशांनी थंड असेल तर काहीतरी फायदा होईलच ना? होईल. बाकी सगळं तसंच ठेवलं तर आत येणारी हवा जितकी थंड, साधारण तितकीच चिपही थंड. हे मी नाकारत नाही. पण त्यापुढचं गणित कुणी करत नाही.

गणित लोणावळ्याचंच घेऊ. वळवण-शिरवत्याचं पाणी टाटांच्या योजनेतून १९१५ पासून घाटाखाली खोपोलीला वीज करतंय. उंचीचा फरक सुमारे ५०० मीटर. पण नुसत्या उंचीनं टर्बाइन फिरत नाही. वीज होते ती उंची गुणिले प्रवाह अशी. नळच चोंदला असेल तर धरण कितीही उंचावर बांधा, खाली दिवा लागणार नाही. कॅबिनेटमध्येही अगदी हेच. हवेनं वाहून नेलेली उष्णता म्हणजे तापमानातला फरक गुणिले हवेचा प्रवाह. थंड गाव तुम्हाला उंची देतं. प्रवाह तुमचा तुम्हालाच द्यावा लागतो. आणि तो प्रवाह आपण समोर काच लावून बंद करतो!

आता आकडे. दोन ३०९० म्हणजे प्रत्येकी ३५० वॅट, वर प्रोसेसर, एसएमपीएसचं नुकसान वगैरे धरून साधारण १००० वॅट. ही उष्णता बाहेर काढताना हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल तर सेकंदाला सुमारे ८५ लिटर हवा आरपार गेली पाहिजे. लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ, म्हणजे तिथं ९० लिटर लागेल. उंचीचा हा थोडासा तोटा "थंड असतं"वाले कधीच सांगत नाहीत. आणि काचेच्या कडेला असलेल्या बोटभर फटीतून सेकंदाला ९० लिटर हवा ओढायची म्हणजे स्ट्रॉनं पिठलं प्यायचा प्रकार आहे.

तिथून पुढं खोलीचा प्रश्न. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. त्यात जेमतेम ४१ किलो हवा असते. भिंतींनी काहीच शोषलं नाही असं धरलं तर १००० वॅटचं मशीन दर ४० सेकंदांना तिचं तापमान एक अंशानं वाढवेल. भिंती शोषतात, म्हणून इतकं वाईट होत नाही, पण दारं-खिडक्या लावून रात्रभर मशीन चालवलं की सकाळी त्या खोलीत लोणावळा उरत नाही.

"मग एसी लाव." लावा की! एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता उपसतो, म्हणजे ताकद पुरेशी आहे. पण एसी खोली थंड करतो, दोन कार्डांमधली फट नाही. शिवाय पावसाळ्यात एसीचा एक खास धोका आहे. मशीन रात्रभर एसीत गार पडलेलं, सकाळी कुणीतरी हौसेनं खिडकी उघडली, की ती दमट हवा थेट गार धातूवर. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसं. गंमत म्हणजे चालू मशीनला दमटपणाची भीती सगळ्यात कमी. २३ अंशांची, ९५ टक्के आर्द्रतेची हवा आत जाऊन ३३ अंशांची झाली की तिची सापेक्ष आर्द्रता पन्नाशीच्या आसपास येते. गंजतं ते शनिवार-रविवार चालणारं आणि पाच दिवस बंद बंगल्यात कुजणारं मशीन. म्हणजे "वीकेंडला जाऊन चालवतो" हा प्लॅन थंड हवेच्या नावाखाली सगळ्यात वाईट!

"वॉटर कूलिंग कर." पाणी उष्णता संपवत नाही, एका जागेवरून दुसरीकडं नेतं. रेडिएटरला पुन्हा हवाच लागते. पुण्यात आयसरच्या 'परम ब्रह्म' महासंगणकाला चिपजवळ थेट द्रवानं थंड करायची व्यवस्था आहे आणि ती तिथं योग्यच आहे, पण तिच्यामागं देखभालीची माणसं असतात. कामशेतच्या पोरानं गळक्या नळीखाली हप्त्यांवरची कार्डं का ठेवायची?

मग करायचं काय? जे करायचं ते स्वस्त आहे, म्हणूनच कुणी विकत नाही.

१. कार्डांमध्ये अंतर. एक स्लॉट म्हणजे दोन सेंटिमीटर. मध्ये किमान एक, शक्यतो दोन स्लॉट मोकळे ठेवा. बोर्डावर जमत नसेल तर चांगली रायझर केबल घ्या आणि दुसरं कार्ड बाजूला उघड्या चौकटीवर टांगा. मायनिंगवाल्यांना आपण नावं ठेवली, पण कार्डं लांब लांब टांगून समोर पंखा लावायचं शहाणपण त्यांच्याकडंच होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, तसल्या चौकटी सेकंडहँड मिळतात.

२. पॉवर लिमिट. घाट चढताना गाडी तापली की आपण अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, खंडाळ्याच्या हवेला दोष देत नाही. ३५० वॅटचं कार्ड एका कमांडमध्ये २७० वर आणता येतं. आमच्या कामात वेग दहा टक्केही कमी झाला नाही, उष्णता मात्र दोन कार्डांत मिळून १६० वॅटनं उतरली.

३. मेमरीकडं बघा. ३०९० मध्ये अर्ध्या मेमरी चिपा कार्डाच्या पाठीमागं आहेत. चिपचं तापमान ७० दिसत असताना ही मेमरी शंभरी गाठू शकते. पाठीवर वारा हवा, आणि जुन्या कार्डाचे थर्मल पॅड बदलायला हवेत.

४. खोलीतून हवा बाहेर काढा. स्वयंपाकघरात लावतो तसला बारा इंची एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला उघडी, जाळी लावलेली खिडकी. बास.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या उपायानंतर मित्राचं वरचं कार्ड ६४ वर आलं. आणि हो, मशीन आता कामशेतला घरीच आहे.

मला राग येतो तो ह्यासाठी. मोठ्या कंपन्यांना मावळातल्या बोलीत काडीचा रस नाही. ते काम करायचं असेल तर अशाच पोरांनी, अशाच जुन्या कार्डांवर, घरच्या विजेच्या बिलात करायचं आहे. त्यांना "थंड गावाला जा" म्हणणं म्हणजे ज्याच्याकडं बंगला आहे त्यानंच हे काम करावं असं म्हणणं. आणि त्यांना काचेचं कॅबिनेट विकणं म्हणजे घेतलेल्या ताकदीचा एक हिस्सा पहिल्याच दिवशी हिरावून घेणं. दुकानात गेलात तर कार्डाची किंमत विचारायच्या आधी एवढंच विचारा, "ह्या डब्यात हवा कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते?" उत्तरादाखल दिवे लावून दाखवले तर सरळ उठा आणि पुढच्या दुकानात जा.

तूर्तास इतकंच.