कुलूपबंद वारसा

हैदराबादच्या निजामाच्या विश्वस्त निधींकडून भारत सरकारने १९९५ साली १७३ रत्नालंकारांचा संग्रह सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतला. १८४.७५ कॅरटचा प्रसिद्ध जेकब हिराही त्यात आहे. पुढे या संग्रहाचा मुक्काम रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील तिजोऱ्यांत पडला. २००१ व २०१९ साली दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो मांडला गेला खरा. परंतु अशा मोजक्या प्रसंगांचा अपवाद सोडता, करदात्याच्या पैशाने घेतलेली ही ठेव करदात्याच्या दृष्टीआडच राहिली आहे.

तिजोरीची आवश्यकता कोणीही सुज्ञ माणूस नाकारणार नाही. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयातून सुमारे १५ हजार वस्तू लुटल्या गेल्या. निमरूद येथील असिरियन राण्यांचे सुवर्णालंकार मात्र मध्यवर्ती बँकेच्या तळघरात असल्यामुळे बचावले. आपल्याकडेही २००४ साली शांतिनिकेतनातील संग्रहालयातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले. पहारा ढिला पडला की काय होते, याची ही उदाहरणे होत.

तथापि बगदादची कथा येथेच संपत नाही. बँकेच्या त्याच तळघरात पाणी शिरले. सोने टिकले, पण तेथे ठेवलेल्या हस्तिदंती कोरीव वस्तूंची हानी झाली. तिजोरी चोराला अडवते. ओलीला आणि बुरशीला ती अडवीलच असे नाही. पैसा व सोने यांसाठी बांधलेली जागा पोथ्या, चित्रे आणि वस्त्रे यांना मानवतेच असे समजणे ही भाबडी समजूत ठरेल.

सुरक्षितता व दर्शन यांची सांगड घालता येते, हे दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने दाखवून दिले. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे १९४१ साली वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलविण्यात आली. तेथे विटांच्या खोल्या बांधून तापमान व आर्द्रता स्थिर राखण्यात आली. परंतु लोकांची मागणी होताच, १९४२ पासून दरमहा एक चित्र लंडनला आणून मांडण्याचा प्रघात पडला. बॉम्बच्या छायेत जे जमले, ते शांततेच्या काळात अशक्य कसे म्हणावे?

प्रदर्शन म्हटले की पहारा, विमा व वाहतूक यांचा खर्च आला, हा आक्षेप रास्त आहे. पण न दाखविण्याचीही किंमत असतेच; ती जमाखर्चाच्या वहीत उमटत नाही, इतकेच. पडून राहिलेल्या भांडवलाचे व्याज बुडते. वारशाचे व्याज म्हणजे तो पाहून जाणत्या होणाऱ्या पिढ्या. शिवाय जी वस्तू कोणी पाहिलेली नाही, ती बदलली वा गहाळ झाली तरी हाकाटी कोण करणार? लोकांचे परिचित डोळे हाही एक पहाराच असतो.

म्हणून सरकारी तिजोऱ्यांतील प्रत्येक संग्रहाची सचित्र सूची लोकांस खुली असावी. जतनशास्त्राच्या तज्ज्ञांकडून त्याची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी. सगळा संग्रह एकदम नव्हे, तर दोन-चार वस्तू आळीपाळीने मांडण्याचे वेळापत्रक आधीच जाहीर व्हावे आणि त्यात हैदराबादलाही न्याय्य वाटा मिळावा. वारशाला कुलूप अवश्य असावे. पण ते उघडण्याची तारीखही ठरलेली असावी.