अहवाल स्वच्छ आला, तरी आणखी एक चाचणी कशाला?



साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला थकवा आला, की पहिला दोष वयालाच दिला जातो. केदारखेड्यासारख्या गावात ‘एक सलाईन लावा, अशक्तपणा जाईल’ ही मागणी तर नित्याची आहे. बहुतेकदा थकव्याचे कारण साधेच असते. परंतु त्यासोबत चेहरा फिकट पडणे, वारंवार ताप येणे, हिरड्यांतून रक्त येणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग वा बारीक लाल ठिपके उमटणे, अशी लक्षणे दिसली तर सलाईनवर दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी सीबीसी आणि रक्तपेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी करून घ्यावी. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, अर्थात रक्ताच्या कर्करोगाचा एक वेगाने वाढणारा प्रकार, याच वाटेने प्रकट होतो आणि उतारवयात तो अधिक आढळतो.

या आजारात अस्थिमज्जेत ‘ब्लास्ट’ नावाच्या अपरिपक्व पेशींची गर्दी होते आणि निरोगी पेशींना जागा उरत नाही. सूक्ष्मदर्शकातून ब्लास्ट दिसतात. पण निरनिराळ्या ल्युकेमियांचे ब्लास्ट पुष्कळदा सारखेच दिसतात आणि त्यांचे उपचार मात्र वेगळे असतात. हा भेद ओळखण्यासाठी फ्लो सायटोमेट्री ही चाचणी करतात.

तिची रीत समजण्यास कठीण नाही. राजूरच्या गणपतीला चतुर्थीच्या दिवशी गर्दी लोटते. पण दर्शनाच्या रांगेत प्रत्येक जण एकेकटा पुढे सरकतो, म्हणून त्याचा चेहरा नीट पाहता येतो. या यंत्रातही पेशी एकामागून एक लेझर किरणांसमोरून जातात. पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांना आधीच चमकणारे रंग लावलेले असतात. कोणता रंग चमकला यावरून पेशीचे कूळ कळते. अहवालातील सीडी-३३, सीडी-३४, सीडी-११७ ही अक्षरे व आकडे म्हणजे या प्रथिनांची नावे होत. तो आजाराचा टप्पा नव्हे. तेव्हा आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नये. पूर्ण निदानासाठी जनुकीय चाचण्याही कराव्या लागतात. मात्र फ्लोचा अहवाल सहसा त्यांच्या आधी हाती येतो आणि डॉक्टरांना दिशा मिळते.

आता शीर्षकातील प्रश्नाकडे येऊ. उपचारानंतर मज्जेतील ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली आले आणि रक्ताचे आकडे सुधारले, की आजार आटोक्यात आला असे म्हणतात. घरात पेढे वाटले जातात. पण ५ टक्के म्हणजे वीस पेशींमागे एक. सूक्ष्मदर्शकाखाली काहीशे पेशी मोजल्या जातात. फ्लो यंत्र लाखो पेशी तपासते आणि हजारात एक रोगपेशी उरली असली तरी ती हुडकू शकते. या उरलेल्या आजाराला ‘एमआरडी’ म्हणतात. नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तेथील तज्ज्ञांनी प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात असे अवशेष सापडले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका अधिक दिसला. पुढील उपचार किती तीव्र असावेत, मज्जा-प्रत्यारोपणाचा विचार करावा का, हे ठरवताना डॉक्टर हा निष्कर्ष विचारात घेतात. एमआरडी न सापडणे ही शुभवार्ता आहे, पण ती हमी नव्हे; पुढील तपासण्या टाळू नयेत.

‘या वयात कशाला छळ?’ असे अनेक कुटुंबे विचारतात. त्यामागे माया असते, हे मी जाणतो. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ७५ वर्षे वा त्याहून अधिक वयाचे, अथवा तीव्र केमोथेरपी न झेपणारे रुग्ण होते. केवळ अ‍ॅझासिटिडिन घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान ९.६ महिने होते. जोडीला व्हेनेटोक्लॅक्स दिल्यावर ते १४.७ महिने झाले. हे पूर्ण बरे होणे नव्हे. पण घरच्यांसोबत मिळालेले पाच महिनेही थोडे नव्हेत. उपचार घ्यावेत की नाही, हा निर्णय रुग्णाचा आहे. मात्र तो निदान झाल्यावर, त्यांना सर्व सांगून, त्यांच्याच तोंडून यावा.

काळजीवाहकांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. या चाचणीसाठी पेशी जिवंत लागतात. म्हणून नमुना शक्यतो २४ ते ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा आणि गोठू नये. गावाहून पाठवायचा असल्यास वेळ व वाहतूक आधी ठरवावी. दुसरे, एमआरडीसाठी मज्जेचा पहिला खेचलेला अंश सर्वांत उपयुक्त असतो, कारण नंतरच्या अंशात रक्त मिसळते. याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. तिसरे, पहिला फ्लो अहवाल जपून ठेवावा. पुढील प्रत्येक तपासणीत त्याच्याशी तुलना केली जाते.

आपल्या भागाला जवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय छत्रपती संभाजीनगर येथे आहे. खर्चाच्या चिंतेने घरी थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, हे तेथील आरोग्यमित्रांना विचारावे. आणि घरातील आजोबांच्या अंगावर विनाकारण डाग दिसले, तर ‘वय झाले’ असे म्हणण्यापूर्वी एकदा त्यांचे रक्त तपासून घ्यावे.